आमचाच नंबर, आपली मेहेरबानी

राजमान्य राजेश्री स्लॉटदादा यांच्या सेवेशी,
सविनय नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले उपकार फोनवर सांगून संपणारे नाहीत आणि हल्ली आपण माझा फोन उचलतही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपांपुढे एकच करडी खूण उमटते आणि तिथेच राहते. कामाचा माणूस, उसंत कुठली! म्हणून चारचौघांत, छापील अक्षरांत आभार मानायचं ठरवलं. संकोच करू नये. एवढं मोठं कार्य झाकून कशाला ठेवायचं?

ज्यांच्या घरातलं कुणी अजून नोकरीसाठी अमेरिकेला गेलेलं नाही, त्या भाग्यवान वाचकांना आपली थोरवी कळावी म्हणून आधी थोडी ओळख करून देते. एच-१बी हा तिथल्या नोकरीचा व्हिसा. नव्या लोकांसाठी दरवर्षी ८५,००० जागा, त्यांची सोडत निघते. सोडतीत नाव आलं, कंपनीचा अर्ज मंजूर झाला, तरी पासपोर्टवर व्हिसा लागायला वकिलातीच्या खिडकीपुढे उभं राहावंच लागतं. त्याला आम्ही 'स्टॅम्पिंग' म्हणतो आणि त्या मुलाखतीच्या तारखेला 'स्लॉट'. अधिकृत संकेतस्थळावर २०५ डॉलर फी भरायची आणि तारीख निवडायची. निवडण्याचे वेगळे पैसे नाहीत. म्हणजे नव्हते, आपण लक्ष घालेपर्यंत.

आपलं पहिलं ऋण टंचाईच्या काळातलं. २ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने मुलाखतीतून मिळणारी सूट जवळपास सगळ्यांचीच काढून घेतली. तोवर जुन्या व्हिसावाल्यांपैकी बऱ्याच जणांना पासपोर्ट नुसता 'ड्रॉपबॉक्स'मध्ये टाकून काम भागवता येत होतं. चारच दिवसांत दुसरा नियम आला, की ज्याने त्याने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा. झालं! सगळी गर्दी दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या पाच दारांशी येऊन थडकली. लोक हवालदिल झाले. आपण डगमगला नाहीत. टंचाई दिसली की माल दाबून ठेवावा, हा धडा साखर, रॉकेल, डाळी सगळ्यांवर गिरवून झाला होता. तो तारखेवरही चालतो हे दाखवून देण्याचा मान आपला.

आपल्या जागरणालाही दंडवत. साध्या माणसाने ते संकेतस्थळ आशेने फार वेळा उघडून पाहिलं, तर खातंच काही काळ गोठतं. आशेवर एवढं कडक रेशन! आपण म्हणून स्वतः आशा केलीच नाहीत, ते काम यंत्राला लावलंत. कुणी एखादी तारीख सोडली, की पापणी लवायच्या आत ती आपल्या मुठीत. मग ती ताब्यातल्या कुठल्या तरी खात्यावर बसवून ठेवायची, गिऱ्हाईक पटलं की इकडून सोडायची आणि तिकडून उचलायची. आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, 'नशीबवान आहात, आत्ताच एक रिकामी झाली.'

या साधनेची दखल त्या टंचाईच्याही आधी खुद्द दिल्लीच्या अमेरिकन दूतावासाने घेतली होती. बॉटने मिळवलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट रद्द करतो आहोत, असं त्यांनी मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं. त्या खात्यांची तारीख घेण्याची सोयही स्थगित केली. एजंट आणि 'फिक्सर' मंडळींची गय करणार नाही, असंही बजावलं. लोक म्हणाले, आता तरी आपण खचाल. पण खचायचं कारण काय? रद्द झाल्या त्या लोकांच्या तारखा. गोठली ती लोकांची खाती. ठपका गिऱ्हाइकाच्या नावावर आणि नफा आपल्या, ही वाटणी आपण आधीच करून ठेवलेली होती. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

आता घरचं ऋण. मी न्यू जर्सीत असते, आई-बाबा नाशिकला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मी झोपेत असताना भारतातल्या तारखा उघडल्या तर बघता याव्यात, म्हणून माझं खातं त्यांच्याकडे असे. आपण त्यांना नेमके कुठे भेटलात हे त्यांनाही सांगता येत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर एका सकाळी सुप्रभाताच्या दोन फुलांच्या मधे आपली जाहिरात होती, एवढंच आठवतं. पहिल्याच फोनवर आपण त्यांना 'काका' म्हणालात. 'काका, ताईचं काम म्हणजे माझ्या बहिणीचं काम.' इतक्या झटकन नातं जोडणारा माणूस विरळा. आणि लगेच निम्मी रक्कम आगाऊ मागताना ते नातं जराही आड येऊ न देणारा तर त्याहून विरळा.

पासवर्ड घेतानाचा आपला संयम मला विशेष भावला. बाबांनी नोकरीत आयुष्यभर मोजमाप पुस्तकं लिहिली. पासवर्डही त्यांनी वहीत तसाच उतरवून घेतला होता, शून्याच्या पोटात तिरकी रेघ मारून, ओ वाटू नये म्हणून. तो त्यांनी आपल्याला फोनवर सांगितला. 'एस साताऱ्याचा, मोठा. एन नागपूरचा, लहान.' आपण घाई केली नाहीत. मग सुरक्षेच्या प्रश्नांची उत्तरं विचारलीत, तीही त्यांनी सावकाश दिली. त्यानंतर आपण पासवर्ड बदललात आणि त्यांना सांगितलं नाहीत. वय झालेल्या माणसाला कशाला नव्या गोष्टी लक्षात ठेवायला लावायच्या!

आपण आम्हाला जागतिक घडामोडींचं भान दिलंत, तेही विसरून चालणार नाही. १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचा बोजा आला. तो २१ सप्टेंबरपासून होणाऱ्या नव्या अर्जांसाठी आहे, आधीच्यांना नाही, हे तिथल्या सरकारने दुसऱ्याच दिवशी स्पष्ट केलं. आपल्यापर्यंत पहिलं वाक्य पोचलं, दुसरं वाटेत कुठेतरी राहिलं. 'काका, ताई परत जाताना विमानतळावर लाख डॉलर मागतील. त्याआधी स्लॉट पक्का करून टाकू.' बाबांनी वहीत गुणाकार केला, उत्तर अठ्ठ्याऐंशी लाखांच्या घरात आलं. त्या मानाने आपली उरलेली निम्मी रक्कम अगदीच किरकोळ होती, ती त्यांनी त्याच दुपारी पाठवली. भीतीचा भाव इतका चढा लावून तिच्यावरचं औषध इतकं स्वस्त देणारा दुसरा कोण भेटणार?

शिवाय पर्यटनाची आवड! 'ताई, इथे गर्दी आहे, तुम्हाला बँकॉकला बसवतो. तीन रात्री, नाश्त्यासकट.' ज्याने त्याने आपल्याच देशात अर्ज करावा हा नियम येऊन तेव्हा बरेच दिवस उलटले होते. पण नियम वाचत बसला असता तर आपण एवढ्या उंचीवर पोचला नसता. मी नको म्हटलं तेव्हा आपण दुखावला गेलात, त्याबद्दल खेद आहे. माझ्या पासपोर्टाला सहलीची आवड नाही.

आपली उदारता तर विचारू नका, आणि ती कायम दुसऱ्याच्या जिवावर. १ जानेवारी २०२५ पासून भारतात मुलाखतीची तारीख एकदाच फुकट बदलता येते, पुढच्या बदलाला पुन्हा फी. प्रत्येकाच्या पदरात एकच मुभा. आपण आधी एक लांबची तारीख घेतलीत, 'हातात काहीतरी असलेलं बरं' म्हणून. मग तीच अलीकडे ओढून डिसेंबरात आणलीत. माझी एकुलती एक मुभा आपण मला न विचारता खर्चून टाकलीत. आमच्याकडे मात्र आनंदीआनंद. आईने पेढे आणले. पेढ्यांचा पहिला मान आपला होता, पण आपला पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता.

मग आला तो महिना. ३ डिसेंबर २०२५ ला अमेरिकेने जाहीर केलं, की १५ डिसेंबरपासून एच-१बीवाल्यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासणार. त्या तपासणीला वेळ हवा, म्हणून भारतातल्या डिसेंबरच्या उत्तरार्धातल्या कितीतरी मुलाखती थेट मार्च २०२६ मध्ये किंवा त्याही पुढे ढकलल्या गेल्या. ज्यांना तारीख बदलल्याचा मेल आला असेल त्यांनी जुन्या तारखेला येऊ नये, आत घेतलं जाणार नाही, असंही दूतावासाने ९ डिसेंबरला बजावलं. मला मेल आला नव्हता. ज्यांना आला नाही त्यांची तारीख कायम, असाच त्याचा सरळ अर्थ.

मेल आला होता हो. वेळेवर आला होता. फक्त तो आपल्याकडे आला. पासवर्ड बदलताना आपण संपर्काचा ईमेलही बदलून स्वतःचा घातला होतात. माझी चिंता आपण पूर्णपणे आपल्या शिरावर घेतलीत म्हणायची, इतकी, की ती माझ्यापर्यंत येऊच दिली नाहीत.

तर, मी नेवार्कहून निघून नाशिकला आले, नाशिकहून रात्रीच्या गाडीने बाबांबरोबर मुंबईला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या फाटकाशी मी सकाळी पारदर्शक फोल्डर छातीशी धरून उभी राहिले. फोन, पिशवी, पाण्याची बाटली सगळं बाबांच्या हातात, पलीकडच्या पदपथावर. यादीवरून बोट फिरवून रखवालदार म्हणाला, 'मॅडम, आज की लिस्ट में आपका नाम नहीं है.' दुसऱ्यांदा बोट फिरवलं. बिचाऱ्याने तिसऱ्यांदाही फिरवलं. बाबा रस्त्यापलीकडून हाताने विचारत होते, झालं का? मी रस्ता ओलांडून आपल्याला फोन लावला. तेव्हा आपण उचलत होतात. 'ताई, मेल स्पॅममध्ये गेला असेल.' कुणाच्या स्पॅममध्ये, तेवढा तपशील आपल्याकडून राहून गेला.

त्याच फाटकासमोर लोकांच्या पिशव्या सांभाळणाऱ्या एका रिक्षावाल्याची गोष्ट जून २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर फार गाजली होती. पिशवीला हजार रुपये घेतो आणि महिन्याला पाच ते आठ लाख कमावतो, असं त्याच्याबद्दल सांगत होते. परवाना नाही म्हणून पोलिसांनी ते काम बंद पाडलं. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं, दादा. तो पिशवी परत देत होता.

पुढचे महिने मी आई-बाबांजवळ राहिले, हे पुण्य आपल्याच खाती. दिवसा नाशिकची आणि रात्री न्यू जर्सीची. कंपनीने काही काळ इथून काम करू दिलं. रात्री जेवणं आटोपली की माझी कचेरी सुरू व्हायची आणि बाबा पहाटे चहा ठेवायला उठले की सुटायची. तिकडे एडिसनमधल्या बंद घराचं भाडं दर महिन्याला नेमाने जात होतं. बाबा माझ्याशी बोलताना नजर वर करत नसत. एवढी वर्षं कंत्राटदारांची बिलं तपासलेला माणूस, एकाही टेंडरात चुकला नव्हता. त्यांना अशी एकांतात विचार करायची सवय लावलीत, त्याबद्दल आपले आभार कोणत्या शब्दांत मानू, अजून सुचलेलं नाही.

आपण मात्र सेवेत खंड पडू दिला नाहीत. 'ताई, मार्च कशाला? फेब्रुवारीत बसवतो. थोडा खर्च येईल.' खर्च आला असता, फेब्रुवारीही आला असता, मी बसले असते की नाही एवढंच बघायचं राहिलं. तोवर मदत केंद्राला पासपोर्टची प्रत आणि फीची पावती पाठवून, पुन्हा पुन्हा विनवून, खातं मी आपल्या मगरमिठीतून... क्षमा असावी, आपल्या मायेच्या मिठीतून सोडवून घेतलं होतं.

तरीही आपण हार मानली नाहीत. आपलं 'सोशल मीडिया सफाई पॅकेज' आलं. साधं आणि प्रीमियम. साध्यात जुन्या पोस्ट पुसणार, प्रीमियममध्ये अख्खं खातंच पुसून नवं, सोज्वळ खातं काढून देणार, वर दोन तिरंगे आणि एक गणपती. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं लिहावी लागतात, आणि ती खाती सर्वांना दिसतील अशी ठेवा, अशी तपासणीची सूचना होती. अर्जात लिहिलेलं खातं तपासायला गेल्यावर जागेवर सापडलं नाही, तर ते केवढं स्वच्छ दिसेल! माझ्या खात्यावर हरिहर गडाच्या पायऱ्यांवर धापा टाकतानाचे फोटो आहेत आणि आईचे फाटलेले मोदक आहेत. ते पुसण्याचे पैसे खुद्द आईसुद्धा देणार नाही.

आपला कागदांचा व्यासंगही थोर. कंपनीचं पत्र, मंजुरीचा आय-७९७, पगाराच्या चिठ्ठ्या, पदवी, एवढं सगळं असताना आपण म्हणालात, 'एक्स्पिरियन्स दोन वर्षं वाढवून देतो, लेटरहेड आहे आपल्याकडे. सगळेच लावतात.' कुणाचं लेटरहेड, ते विचारणं मला अशिष्ट वाटलं. व्हिसा मिळवण्यासाठी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितलं, असं एकदा ठरलं की अमेरिकी कायद्याने माणूस कायमचा अपात्र होतो, खास माफी मिळाली तरच सुटका. म्हणजे आपण एकदा पैसे घेणार आणि गिऱ्हाईक ते जन्मभर फेडणार. असा दीर्घ मुदतीचा व्यवहार बँकासुद्धा करत नाहीत.

मुलाखतीच्या तयारीचा आपला पीडीएफ मी जपून ठेवला आहे. 'गुड मॉर्निंग ऑफिसर, मायसेल्फ' अशी त्याची सुरुवात. पुढे पाठ करायची उत्तरं, कुठे हसायचं ते कंसात. नावाची जागा रिकामी, बाकी सगळं सगळ्यांना सारखं. ते ज्यांनी पाठ केलं असेल, त्यांची मला काळजी वाटते. एका खिडकीत सकाळपासून एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकणाऱ्या माणसाला संशय येणार नाही तर काय येईल? खरं काम करणाऱ्या मुलांना आपण खोट्यासारखं बोलायला शिकवलंत. ही किमया आपणच करू जाणे.

मुलाखत एकदाची झाली, नव्या तारखेला, माझ्याच खात्यातून. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं, दवाखान्यांची बिलं विमा कंपन्यांकडे जातात, त्यातली अडकलेली शोधून काढणारी प्रणाली आमची टीम सांभाळते. अडकतात का, असं त्यांनी विचारलं. मी कारणं सांगायला लागले. त्या ऐकत टाइप करत होत्या. पगार किती, शिक्षण कुठे, या कंपनीत कधीपासून. आय-७९७ तेवढा पाहिला, फुगलेलं फोल्डर तसंच राहिलं. पासपोर्ट ठेवून घेतला आणि व्हिसा मंजूर म्हणाल्या. ज्या प्रश्नांसाठी आपण पॅकेजं विकता, ते माझ्याच कामाबद्दलचे साधे प्रश्न निघाले. बाबांना बाहेर येऊन सांगितलं, तर ते म्हणाले, एवढंच?

एवढंच. आणि ते आपल्याला चांगलं माहीत आहे, म्हणून तर फाटकाच्या अलीकडेच सगळं विकून मोकळं व्हावं लागतं. आत आपला शब्द चालत नाही. आत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस आणि पहिल्यांदा विमानात बसणारा पोरगा एकामागे एक उभे असतात, दोघांचेही फोन बाहेर, दोघांच्याही हातात तसलंच फोल्डर. २०११ पर्यंत ही वकिलात ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होती, तेव्हा लोक भुलाभाई देसाई रस्त्यावर रांगेत उभे राहायचे. हाल व्हायचे, पण रांग डोळ्यांना दिसायची. मधे घुसणाऱ्याला मागचा माणूस खांदा धरून बाजूला काढू शकायचा. ती रांग पडद्यावर गेली आणि आपलं फावलं. आता कोण पुढे गेलं ते मागच्याला कळत नाही, कुणी पुढे नेलं ते पुढच्याला विचारायचं नसतं.

आणि तुम्ही विकता काय, ते एकदा सरळ सांगून टाकते, दादा. तुमच्याकडे व्हिसा नाही, ओळख नाही, वकिलातीत वशिला तर नाहीच नाही. तुमच्याकडे असतो तो आमचाच नंबर, आमच्याच खात्यातून, आमच्याच फीवर काढलेला. तो आधी आमच्या हातातून काढून घ्यायचा, मग आम्हालाच विकायचा. तुम्ही दाबून ठेवलेली प्रत्येक तारीख कुणाची तरी होती. कुणाचा तरी बाप आजारी असल्याने तो घाईने आला होता आणि परतीची तारीख मिळेना म्हणून अडकला. कुणाच्या तरी कंपनीने अमुक दिवसांत परत या, नाहीतर जागा भरू, असं कळवलं होतं. ही माणसं संकेतस्थळावर 'तारीख उपलब्ध नाही' वाचत बसली, तेव्हा तारीख होती. तुमच्या वहीत होती, भाव लावून.

आणि हा माल खपतो कुणाच्या जोरावर? इंजिनियर पोरांच्या जोरावर नव्हे. त्यांच्या आई-वडिलांच्या. मुलगी परदेशात, आपल्याला त्यातलं काही कळत नाही, निदान एवढं तरी तिच्यासाठी करून ठेवू, असं ज्यांना वाटतं, त्यांच्या वाटण्यावर तुमचं दुकान चालतं. हैदराबादजवळ चिलकूरला लोक ज्याला 'व्हिसा बालाजी' म्हणतात तो देव आहे. नवस बोलताना अकरा प्रदक्षिणा, काम झालं तर एकशे आठ. देवसुद्धा उधारीवर विश्वास ठेवतो. काकांवर तुम्हाला तेवढा ठेवता आला नाही, सगळी रक्कम आधी.

असो. पत्र लांबलं. मला ब्लॉक केल्यावरही आपण विसरला नाहीत, याची खूण परवाच मिळाली. दुसऱ्याच एका नंबरवरून निरोप आला, 'काँग्रॅच्युलेशन्स ताई! आमच्या सर्व्हिसला फाइव्ह स्टार रिव्ह्यू द्या आणि तीन फ्रेंड्सना रेफर करा, आकर्षक डिस्काउंट.' रिव्ह्यू वर दिलाच आहे. तारे किती ते वाचकांनी ठरवावं.

रेफरही केलं आहे. तीन नाहीत, दोनच ठिकाणी, तेवढं गोड मानून घ्या. एक, वकिलातीचा फसवणूक-प्रतिबंधक विभाग. दुसरा, १९३० हा सायबर गुन्ह्यांचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक. तिथली तक्रार बाबांनी स्वतः लिहायला घेतली आहे. पैसे पाठवल्याच्या तारखा, रकमा, आपले दोन्ही नंबर, सगळं त्यांनी मोजमाप पुस्तकासारखं ओळीत मांडलं आहे आणि प्रत्येक शून्याच्या पोटात तिरकी रेघ आहे. हे करताना ते माझ्याकडे बघून बोलतात, हा आणखी एक फायदा.

फक्त एका रकान्याशी गाडी अडली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण 'यूएसए व्हिसा एक्स्पर्ट', यूपीआयवर पैसे गेले ते कुठल्याशा मोबाइल कव्हरांच्या दुकानाच्या नावाने, आणि बाबांच्या फोनमध्ये आपण 'ताईचं काम'. तेव्हा कृपा करून आपलं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, उलट टपाली कळवावं. स्पेलिंगही सांगावं, सावकाश, एस साताऱ्याचा की शिरूरचा. काका लिहून घेतील.

कळावे,
आपल्या काकांची मुलगी